नऊ इंच

गॅरेज फियाटसाठी बांधलं होतं,
फतेगंजात, चर्चमागच्या गल्लीत,
अमीनकाकांच्या वडिलांनी.
फियाट विकली गेली.
मग तिथे एक तबलजी राहिला,
मग मेडिकलची पोरं, एकामागून एक,
मग केरळातली एक नर्स, जिनं भिंतीत खिडकी पाडून घेतली
बरोब्बर बॉनेटच्या उंचीवर.
मग मी.

जमिनीला रस्त्याकडे उतार होता,
गाडी धुतल्याचं पाणी बाहेर जावं म्हणून.
हातातून लिंबू सुटलं तर
कॉटखालून, पाटाला वळसा घालून
थेट दारापर्यंत जायचं
आणि फटीशी थांबायचं, फाटकाकडे बघत.
पातेल्यात वरण नेहमी एका बाजूला जास्त.
कॉटच्या दोन पायांखाली
नापास प्रबंधांचे पुठ्ठे घालून
मी एकोणीस वर्षं सरळ झोपले.
(युनिव्हर्सिटीत बाइंडिंग करते मी.
पुठ्ठ्यांना तोटा नाही.)

मधोमध तेलाचा डाग.
सोडा, रॉकेल, शिकेकाई,
कशालाच बधला नाही.
पावसाळ्यात ओलसर व्हायचा,
जणू वर अजून कुणी उभं आहे, गळतं आहे.
मी त्यावर चटई टाकली नाही.
घरात दुसरं होतं कोण?

भाडं सुरुवातीला सहाशे, शेवटी अठराशे.
दर दिवाळीला काका म्हणायचे,
'शैलाबेन, आ वखते तो वधारवुं पडशे,'
आणि शंभरावर थांबायचे, तेही एक वर्षाआड.
करार कधी कागदावर आला नाही.
कागदाचं काम मी दिवसभर करतेच की.

काका गेले.
जिगरनं नवी गाडी घेतली,
पांढरी, उंच, आत शिरायला पायरी लागते तशी.
एका रविवारी टेप घेऊन आला,
म्हणाला, 'मावशी, जरा हे टोक धरता?'
धरलं.
मापं घेण्यातच गेलेला हात, हलला नाही.
चौकटीत नऊ इंच कमी पडत होते.
त्यानं पुन्हा मोजलं.
मी मनात म्हटलं, दोन हात निघू देत,
म्हणजे नाद सोडेल.
नऊच निघाले.
नऊ इंचांसाठी भिंत पाडता येते.

कारेलीबागेत विचारलं, 'फॅमिलीमां केटला?'
एक.
'एक एटले?'
एक म्हणजे एक, भाऊ.
निझामपुऱ्यात पीजी, खोलीत चार खाटा,
रात्री दहाला कुलूप, येता-जाता अंगठा.
बाईंनी माझं वय विचारलं
आणि मऊ आवाजात म्हणाल्या, 'मुली अवघडतील हो.'
गोत्रीला अकरा हजार, वर डिपॉझिट,
वर सोसायटी एकट्या माणसाला नाही म्हणते.
दलालाचं स्वतःचं काही म्हणणं नव्हतं.

मग गल्लोगल्ली नुसती गॅरेजंच बघत फिरले.
एकात केक मिळतात.
एकात आरसे लावून व्यायाम चालतो.
एकाला एसी, रोजाचे पंधराशे,
उशीवर चॉकलेट ठेवतात म्हणे.
एकात खरंच गाडी होती,
डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेली.
तिला कुणी विचारलं नसेल
फॅमिली आहे का.

आता वाघोडिया रोडच्या टोकाला, चौथ्या मजल्यावर,
अर्ध्या भाड्यात राहते. अर्धं पंड्याबाईंचं.
ओटा सात ते आठ त्यांचा, आठ ते नऊ माझा.
बसला पाऊण तास.
तक्रार नाही. पंड्याबाई हळू बोलतात.
फक्त पुठ्ठे बरोबर आणले होते,
ते कुठल्या पायाखाली घालायचे कळेना.

काल चिरताना लिंबू निसटलं.
पडलं तिथेच राहिलं.
मी मात्र
दाराकडे बघत होते.